कफील आणि ठेकेदार

(ना. म. जोशी यांच्या स्मृतिदिनी तुडील येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज ३० मे. १९५५ साली याच तारखेला नारायण मल्हार जोशी गेले. ते आपल्याच भागातले. सावित्रीची खाडी ओलांडून लोणेऱ्याच्या बाजूला गेलं की गोरेगाव लागतं. तिथे १८७९ साली त्यांचा जन्म झाला. मुंबईत डिलाईल रोडला आता त्यांचं नाव आहे आणि त्या रस्त्याने महाड-पोलादपूरची हजारो माणसं गिरणीत गेली-आली. पण हा माणूस आपल्या जिल्ह्यातला, हे त्यांतल्या फार थोड्यांना कुणी सांगितलं असेल.

पहिलं महायुद्ध संपल्यावर आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली आणि ऑक्टोबर १९१९ मध्ये वॉशिंग्टनला तिची पहिली परिषद भरली. प्रत्येक देशातून सरकारचे दोन प्रतिनिधी, मालकांचा एक आणि कामगारांचा एक, अशी रचना होती. हिंदुस्थानात तेव्हा देशभरच्या कामगारांची म्हणावी अशी संघटनाच नव्हती, म्हणून सरकारने जोशींना नेमून पाठवलं. कामगारांचा प्रतिनिधी सरकारने का निवडावा, हा प्रश्न लगेच उभा राहिला. पुढच्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला मुंबईत आयटक ही देशपातळीवरची कामगार संघटना स्थापन झाली, त्यामागे हा प्रश्न मोठा होता. लाला लजपतराय अध्यक्ष झाले. जोशींनी पुढे अनेक वर्षं तिच्या सरचिटणीसपदाचं काम वाहिलं.

वॉशिंग्टनच्या परिषदेने काय ठरवलं? कारखान्यातल्या कामगाराने आठवड्याला ४८ तास काम करावं, जास्त नाही. हा सर्वसाधारण नियम ठरला, पण हिंदुस्थानसाठी वेगळं कलम घातलं गेलं. इथे ६० तास. कारण तेच, जे आजही आपण ऐकतो: इथला कामगार स्वस्त राहिला नाही तर इथला माल बाहेर टिकणार नाही. त्याप्रमाणे १९२२ च्या कायद्याने ६० तास झाले, १९३४ च्या कायद्याने ५४, आणि ४८ तास व्हायला १९४६ साल उजाडलं. जगाने मान्य केलेली गोष्ट आपल्या माणसाच्या पदरात पडायला सत्तावीस वर्षं लागली. १९४६ चं ते विधेयक मांडणारे मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मनुस्मृती जाळली त्या डिसेंबर १९२७ च्या महाडच्या परिषदेला येताना ते मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने आले आणि दासगावला उतरले. या सावित्रीच्या खाडीतूनच त्यांची बोट वर गेली.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की जागतिकीकरण म्हटलं की आपल्याला १९९१ आठवतं, मनमोहन सिंगांचं जुलैतलं अंदाजपत्रक आठवतं. या खाडीला जग त्याच्या फार आधीपासून ठाऊक आहे. महाडजवळच्या पाल्याची लेणी उगाच डोंगरात कोरली गेली नाहीत. व्यापाऱ्यांच्या वाटेवर, बंदराच्या डोक्यावर ती आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक खलाशाने पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांची यादी लिहिली, त्यातलं एक नाव पाल्याचं असावं असं काही अभ्यासक मानतात. माल इथून जायचा, माल इथे यायचा. माझा आजचा विषय मालाबरोबर गेलेल्या माणसांचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगबोटी आल्या आणि कोकणातली माणसं जहाजावर गेली. बंदरातून माणसं भरणारा सारंग असायचा, त्याच्या हाताखाली टिंडेल आणि त्यांच्याखाली खलाशी. इंग्रज कंपन्यांच्या जहाजांवर हिंदी खलाशाला गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा पगार मिळे. झोपायला जागा कमी आणि रेशनही कमी. पण मला या सगळ्याहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. त्याच्या करारनाम्यात असं असे की लंडनला किंवा लिव्हरपूलला उतरून तो दुसऱ्या जहाजावर चढू शकत नाही, तिथे नोकरी शोधू शकत नाही. ज्याने आणलं त्याच्याकडेच त्याने काम करायचं आणि हिंदुस्थानातल्या बंदरात परत यायचं. कमी पगार देता येत होता तो याच अटीच्या जोरावर. १९३९ साली, दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर, याच खलाशांनी ब्रिटनच्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या बंदरांत जहाजं अडवून धरली, तेव्हा कुठे पगार वाढले.

तसेच केपटाऊनला गेलेले. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतली कितीतरी कोकणी मुसलमान कुटुंबं त्या शहराशी चार पिढ्या बांधली गेली आहेत. गेले ते बहुतेक एकटे पुरुष होते. १९१३ च्या कायद्याने नव्या हिंदी माणसाला तिथलं दार बंद झालं. आधीपासून राहणाऱ्याची बायको आणि अज्ञान मुलं तेवढी येऊ शकत. १९५३ साली तिथल्या वर्णद्वेषी सरकारने तीही वाट बंद केली. परवाना जिवंत ठेवायचा तर गावी फार दिवस राहता येत नसे. खाडीकाठच्या किती म्हाताऱ्यांनी नवऱ्याला आयुष्यात मोजून चार-पाच वेळा पाहिलं असेल, याची कुठल्याही दप्तरात नोंद नाही. ती नोंद तुमच्या घरांतच आहे. आजी हयात असेल तर तिच्याकडून ऐकून लिहून ठेवा.

आता आखाताकडे येतो. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, अरब देशांत रस्ते, बंदरं, शहरं उभी राहू लागली आणि आपल्याकडून माणसं निघाली. गिरण्यांचा आधार सुटला त्याच काळात. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले असंख्य परत आत गेलेच नाहीत. मुंबईतली खोली गेली, मेस बंद झाली, मुलगा गावी आला. डोंगरातल्या पोलादपूरच्या मुलाला मुंबईतच हमाली, हॉटेल, वॉचमनची नोकरी शोधावी लागली. खाडीपट्ट्यातल्या मुलाला आधी गेलेल्या चुलत्याने-मामाने व्हिसा पाठवला.

आखाताच्या पैशाने इथे काय केलं, ते तुम्हाला मी सांगायला नको. घरं झाली, शाळा झाल्या, मुली शिकल्या, मशिदी आणि दवाखाने उभे राहिले. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते इथे दरडी कोसळल्या तेव्हा आणि २०२१ च्या महापुरातही बाहेरच्या माणसांनी पाठवलेल्या पैशाचा आधार किती होता, हे मी स्वतः पाहिलं आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून देशात आलेल्या अशा पैशाचा सुमारे पाचवा हिस्सा महाराष्ट्रात आला, देशात सगळ्यांत जास्त. त्यातला बराच मुंबईच्या बँकांमुळे मुंबईत मोजला जातो, हे खरं. पण तो पैसा घामाचा आहे, हे कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

तिथे माणूस कसा राहतो? कफील हा शब्द इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. तो मालक, तोच जामीनदार. व्हिसा त्याच्या नावावर, अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, त्याच्या हातात, आणि पासपोर्टही बहुतेक वेळा त्याच्याच कपाटात, जरी पासपोर्ट ठेवून घेणं त्या देशांच्याही कायद्यात बसत नाही. कित्येक वर्षं त्याच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येत नसे, आणि काही देशांत त्याच्या परवानगीशिवाय देशही सोडता येत नसे. भांडलात तर कफील ‘हुरूब’ लावतो, म्हणजे पळून गेला अशी तक्रार करतो. त्या क्षणापासून तुम्ही बेकायदा. ज्यांनी ‘आझाद व्हिसा’ घेतला, म्हणजे कागदावर एकाकडे आणि काम दुसरीकडे, त्यांच्या डोक्यावर ही तलवार दिवसरात्र असते.

खाडीपट्ट्यातल्या एका तरुणाने मला त्याचा करार दाखवला होता. इथे सही केली ती इलेक्ट्रिशियनच्या कामावर. तिथे उतरल्यावर अरबी भाषेत दुसरा कागद पुढे आला, त्यात मजूर लिहिलेलं होतं आणि पगार जवळजवळ निम्मा. त्याने सही केली, कारण एजंटला दिलेले पैसे बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या दागिन्यांवर काढलेले होते. ‘परत आलो असतो तर दागिने कुठून सोडवले असते?’ असं तो मला म्हणाला. जहाजावरच्या जुन्या खलाशाचा करारनामा मला त्या वेळी आठवला. शंभर वर्षांत अट तीच राहिली आहे: ज्याने आणलं त्याच्याकडेच.

याच्या शेजारी मालाचं काय चाललं आहे ते ठेवून पाहा. १५ एप्रिल १९९४ ला माराकेशला करार झाला, १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. मालासाठी, भांडवलासाठी आणि पेटंटसाठी पानंच्या पानं नियम आहेत, न्यायनिवाड्याची सोय आहे. फळमाशी सापडली म्हणून युरोपने मे २०१४ मध्ये आपला हापूस थांबवला. केंद्र सरकार हललं, तपासण्या कडक झाल्या, उष्ण प्रक्रियेची सोय झाली आणि जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठली. आठ महिन्यांत सुटलं. एका आंब्याच्या पेटीसाठी दोन सरकारं बोलली, आणि ती बोलली हे योग्यच झालं. माणसाच्या बाबतीत त्या जागतिक करारात जी सोय आहे, ती मुख्यतः कंपन्यांचे अधिकारी आणि तज्ज्ञ यांच्यासाठी. वेल्डर, ड्रायव्हर, घरकाम करणारी बाई त्या पानांत शोधून सापडत नाही. कामगारांचे हक्क व्यापाराच्या करारात घ्यावेत, हा प्रस्ताव १९९६ ला सिंगापूरच्या बैठकीत आला तेव्हा भारताने त्याला विरोध केला. श्रीमंत देश त्या नावाखाली आपला माल अडवतील, ही भीती खोटी नव्हती. पण त्या भीतीपायी आपल्या बाहेर गेलेल्या लाखो कामगारांसाठी बोलण्याची एक जागा आपण हातची घालवली, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही बदल झाले, आणि ते कसे झाले हे समजून घेण्यासारखं आहे. कतारला २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाचं यजमानपद मिळालं. जून २०१४ मध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत वेगवेगळ्या देशांच्या कामगार प्रतिनिधींनी कतारविरुद्ध तक्रार दाखल केली. लक्षात घ्या, कामगार प्रतिनिधींनी. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला जोशी ज्या खुर्चीवर बसले, त्या खुर्चीचा हा अधिकार आहे. त्या तक्रारीमुळे आणि जगभरच्या टीकेमुळे दोह्यात २०१८ ला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं कार्यालय उघडलं. २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली गेली, आणि मार्च २०२१ पासून सगळ्या कामगारांना, घरकामगारांनाही, महिना किमान १००० रियाल वेतन लागू झालं. अंमलबजावणीत खूप कच्चे दुवे आहेत. तरी कायदा बदलला, आणि तो कुणाच्या मेहेरबानीने बदलला नाही. २०३४ चा विश्वचषक सौदी अरेबियाला मिळाला आहे. तिथे आपली माणसं कतारपेक्षा किती जास्त आहेत, ते इथे बसलेल्यांना चांगलं माहीत आहे. पुढची आठ-नऊ वर्षं ही बोलण्याची वेळ आहे.

आता मी महाडकडे वळतो, आणि हे बोलणं काहींना अवघड वाटेल. इथून दुपारच्या एसटीने निघालं तर संध्याकाळच्या आत बिरवाडीला पोचता येतं. तिथल्या महाड औद्योगिक वसाहतीत रंग, सुगंधी रसायनं, औषधांचे कच्चे घटक तयार होतात आणि त्यातलं पुष्कळ परदेशी जातं. म्हणजे जग आपल्या दारातही आलं आहे. तिथे काम करायला उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातून मुलं येतात. भाड्याच्या एका खोलीत आठ-दहा जण राहतात. त्यांना कंपनीने कामावर ठेवलेलं नसतं. त्यांना ठेकेदाराने आणलेलं असतं. पगार ठेकेदार देतो, आधार कार्ड बऱ्याचदा त्याच्याकडे असतं, आगाऊ रक्कम त्यानेच दिलेली असते आणि ती फिटेपर्यंत जाता येत नाही. मी कफीलचं वर्णन केलं तेव्हा तुम्ही माना डोलावल्यात. हे वर्णन त्याहून वेगळं आहे का?

३ नोव्हेंबर २०२३ ला महाडच्या वसाहतीत ब्ल्यू जेट हेल्थकेअरच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि अकरा कामगार गेले. सीटी स्कॅन, एमआरआयच्या वेळी शरीरात सोडतात त्या द्रवाचे घटक ही कंपनी बनवते, तिचं मोठं गिऱ्हाईक युरोपात आहे. दोनच दिवस आधी, १ नोव्हेंबरला, तिचे समभाग शेअर बाजारात आले होते. पुढच्या वर्षी १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली, त्यात ४५ भारतीय गेले. त्यांचे मृतदेह आणायला हवाई दलाचं विमान गेलं, कोचीच्या विमानतळावर मुख्यमंत्री उभे होते. ते झालंच पाहिजे होतं. बिरवाडीच्या अकरा जणांसाठी त्या पातळीवर देश थांबला नाही. दोन्ही ठिकाणी प्रश्न तेच विचारायला हवेत: बाहेर पडायचा रस्ता किती रुंद होता, किती माणसं आत आहेत याची यादी कुणाकडे होती, आणि उत्तर द्यायला बांधील कोण, ज्याचा माल आहे तो की ज्याने माणसं पुरवली तो.

  

आता कायद्याचं पाहू. आपल्याकडे कामगारांचे २९ केंद्रीय कायदे मोडून चार संहिता केल्या गेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला त्या लागू झाल्या. त्यात चांगलं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. नेमणूकपत्र सगळ्यांना देणं बंधनकारक झालं, ही मोठी गोष्ट आहे. पण १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने विस्थापन भत्ता द्यावा अशी तरतूद होती, ती नव्या संहितेत नाही. कामगार कमी करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. कंत्राटी कामगारांचा कायदा २० ऐवजी ५० कामगारांपासून लागू झाला. ठेकेदार ४९-४९ ची दोन नावं काढील, हे सांगायला ज्योतिषी नको. त्याच्याही आधी, सप्टेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत आणि कामगाराची लेखी संमती लागेल, असं सांगितलं जातं. ज्याच्या खोलीचं भाडं आणि परतीचं तिकीट ठेकेदाराच्या हातात आहे, तो लेखी नकार कसा देईल? कामाच्या तासांचा हाच वाद १९१९ मध्ये वॉशिंग्टनला झाला होता.

आपल्या मुलाला सौदीतल्या दमाममध्ये जे मिळावं म्हणून आपण सरकारकडे भांडतो, तेच झारखंडच्या मुलाला बिरवाडीत मिळालं पाहिजे. मी हे दयेपोटी म्हणत नाही. बिरवाडीत बाहेरचा मुलगा बांधलेला असतो म्हणूनच स्वस्त पडतो, आणि तो स्वस्त पडतो म्हणून कंपनी आपल्या मुलाला कायम नोकरी देत नाही. मग आपला मुलगा एजंटकडे जातो. परप्रांतीयांना हाकला म्हणणारे पुढारी या साखळीतल्या एकाच कडीवर काठी मारतात आणि तीही सगळ्यांत दुबळ्या कडीवर. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-गोवा महामार्गावरून आपलीच माणसं पायी पोलादपूर-महाडला आली. चाकरमानी गावात नको म्हणून काही गावांनी रस्त्यावर आडवे बांबू टाकले. परका होणं किती सोपं असतं, ते त्या उन्हाळ्यात आपण पाहिलं.

करता येईल ते सांगतो आणि थांबतो. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर घेता येतो. त्याहून एक रुपयाही नाही. पावती मागा. एजंटचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे की नाही ते बघा. प्रवासी भारतीय विमा दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत मिळतो आणि अपघाती मृत्यूला दहा लाखांचं संरक्षण देतो. पण दहावी पास मुलाच्या पासपोर्टला उत्प्रवास तपासणी लागत नाही, म्हणून त्याची नोंद बहुधा होत नाही, आणि खाडीपट्ट्यातली बहुतेक मुलं आता दहावी पास आहेत. केरळने १९९८ पासून बाहेर गेलेल्यांची पाहणी चालवली आहे, त्यांच्यासाठी वेगळं खातं आणि कल्याण मंडळ उभं केलं आहे. आपल्या तालुक्यातून किती माणसं कुठल्या देशात, कुठल्या कामावर आहेत, हे सांगणारी एकही वही महाडच्या तहसील कार्यालयात नाही. ती वही गावाने सुरू करावी. ग्रामपंचायत आणि जमात मिळून जाणाऱ्या प्रत्येकाच्या कराराची एक प्रत, एजंटचं नाव, दिलेली रक्कम, कफीलचं नाव आणि पत्ता लिहून ठेवा. अशीच दुसरी वही बिरवाडीच्या खोल्यांत राहणाऱ्यांची हवी: नाव, गाव, ठेकेदार, मूळ कंपनी, नेमणूकपत्र मिळालं का. ती वही कामगार आयुक्तांच्या कार्यालयात दर तीन महिन्यांनी द्यायची.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ठरावाचा मसुदा करायला मी येईन. दमाम आणि बिरवाडी ही दोन्ही नावं त्यात एकाच कलमात असतील, हे मात्र आजच सांगून ठेवतो.